गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, घड्याळ बघा : हार्ट अटॅक कसा ओळखायचा आणि पहिल्या तासात काय करायचं

बीड : रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतात. घरातला कर्ता माणूस छातीवर हात ठेवून उठून बसतो. अंगाला घाम सुटलेला असतो. काय होतंय विचारलं तर म्हणतो, "काही नाही, गॅस झालाय. रात्रीची भजी बाधली." मग सोडा येतो, ओवा येतो, कुणी पाठीला बाम चोळतं, कुणी मिरच्या उतरवून टाकतं. थोडा ढेकर आला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि ठरतं, "सकाळी दवाखान्यात जाऊ."

बहुतेक वेळा तो खरंच गॅस असतो, आणि अडचण तीच आहे. दहादा गॅस निघाला म्हणून अकराव्यांदाही गॅसच असेल असं माणूस धरून चालतो. अकराव्यांदा हार्ट अटॅक असला तर "सकाळी जाऊ" या दोन शब्दांत चार-पाच तास जातात आणि त्या तासांत हृदयाचा जो भाग मरतो तो पुन्हा जिवंत होत नाही.

देशभरातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद 'क्रिएट' नावाच्या अभ्यासात झाली. तो २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात दिसलं की त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त वेळ लागला. रुग्णालयात आल्यावर मात्र गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरू व्हायला मधला आकडा होता ५० मिनिटांचा. म्हणजे दवाखान्यात तासभरही जात नव्हता. वेळ जात होता तो घरात, ओट्यावर, गावातल्या सलाईनच्या खाटेवर आणि रस्त्यावर. अभ्यास जुना आहे, रस्ते आता बरे झालेत, १०८ ची गाडी आली आहे. पण घरातलं "थांब, बघू जरा" अजून तेच आहे.

आत नेमकं काय होतं

हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं. त्याला स्वतःलाही रक्त लागतं आणि ते त्याच्या अंगावरूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तशी या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबी साचत जाते. नळी अर्धी-पाऊण भरली तरी माणूस चालतो, फिरतो, शेतात जातो. एखाद्या दिवशी त्या चरबीच्या थराला चीर पडते. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथं रक्त गोठतं आणि काही मिनिटांत नळी बंद होते. पुढच्या रोपांना पाणी मिळत नाही तसं हृदयाच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. ठिबकची नळी आठवड्याने साफ केली तरी चालते, पीक तग धरतं. हृदयाचा स्नायू काही तासच तग धरतो.

म्हणूनच काल ईसीजी चांगला आला होता म्हणून आज अटॅक येणार नाही, असं होत नाही. थराला चीर कधी पडेल हे कालच्या कागदावर दिसत नाही.

श्रेयस तळपदे यांच्याबाबतीत काय झालं

'माझी तुझी रेशीमगाठ' मालिकेतला यश आणि हिंदी 'पुष्पा'मधला आवाज, म्हणजे अभिनेते श्रेयस तळपदे, यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत हार्ट अटॅक आला. तेव्हा त्यांचं वय ४७ होतं. नंतरच्या मुलाखतींत त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं आहे. ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठ्या शहरात राहणाऱ्या, तपासण्या करून घेणाऱ्या माणसाच्या मनातही तोच विचार आला जो कुणाच्याही मनात येतो.

एका सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं, धावपळीची दृश्यं होती. शेवटचा शॉट झाला आणि त्यांना दम लागला, डावा हात दुखायला लागला. आपल्या गाडीपर्यंत चालत जाणंही जड गेलं. त्यांना वाटलं, दिवसभर मारधाड केली, स्नायू धरला असेल. थेट रुग्णालयात जावं असं मनात येऊनही ते आधी घरी गेले. पत्नी दीप्ती यांनी चेहरा बघितला आणि दहा मिनिटांच्या आत त्यांना घेऊन त्या रुग्णालयाकडे निघाल्या. रुग्णालय जवळ आलं असताना गाडीतच श्रेयस यांची शुद्ध गेली, हृदय थांबलं. दीप्ती यांनी आरडाओरडा करून लोकांना बोलावलं, लोकांनी त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू केलं आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली.

त्यांच्या घराण्यात हृदयविकार होता, कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं, त्याची गोळी चालू होती, ईसीजी आणि टूडी इको झालेला होता. तरीही पहिला विचार "स्नायू धरला असेल" हाच आला. दुसऱ्या कुणीतरी चेहरा वाचला आणि विचारत न बसता गाडी काढली, म्हणून माणूस वाचला. ज्याला त्रास होतोय तो कधीच स्वतःहून "मला अटॅक आलाय" म्हणत नाही. घरच्यांनी त्याचं ऐकायचं नसतं.

दुखतं कुठं आणि कसं

सिनेमात दाखवतात तसं छाती गच्च धरून कोसळणं कमीच वेळा होतं. पुष्कळदा सुरुवात हळू होते. रुग्ण "दुखतंय" असंही म्हणत नाही. तो म्हणतो, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय," "आवळल्यासारखं होतंय," "छाती भरून आलीय," "जळजळतंय." कुठं होतंय विचारलं तर एका बोटाने जागा दाखवत नाही, मूठ किंवा पूर्ण पंजा छातीच्या मधोमध ठेवतो. छातीच्या डाव्या बाजूलाच दुखलं पाहिजे असं काही नाही.

ही कळ डाव्या हातात, दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, खालच्या जबड्यात, पाठीत दोन खांद्यांच्या मधे जाते. काही जणांना छातीत काहीच नसतं, नुसता जबडा नाहीतर दात दुखतो, किंवा बेंबीच्या वर पोटात दुखतं. पोटात दुखून मळमळ, उलटी झाली की ती अॅसिडिटी म्हणून सहज खपून जाते. त्याबरोबर दरदरून गार घाम येणं, दम लागणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं, चेहरा पांढराफटक पडणं किंवा "आता काही खरं नाही" अशी विनाकारण भीती वाटणं, यातलं काही असलं तर गॅसचा विचार सोडून द्यायचा. थंडीच्या रात्री पंखा बंद असताना घामाने बनियान भिजलं तर ते अपचन समजायचं नाही.

मग गॅस आणि अटॅक घरी कसा ओळखायचा? खरं उत्तर असं की घरी खात्रीने ओळखता येत नाही. डॉक्टरलाही ईसीजी काढल्याशिवाय येत नाही. दाबल्यावर दुखतं, श्वास घेतला की टोचतं, कुशीवर वळलं की कमी होतं, असं असेल तर हृदयाची शक्यता कमी असते. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. सोडा पिऊन ढेकर आला आणि बरं वाटलं, हा तर काहीच पुरावा नाही. अटॅकचं दुखणंही मधे कमी होतं, पुन्हा वाढतं.

म्हणून ओळखत बसण्याऐवजी घड्याळ बघायचं. पहिल्यांदा त्रास सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवायची. वर सांगितल्यासारखं छातीत, हातात, जबड्यात किंवा वरच्या पोटात सुरू झालं, शांत बसूनही दहा मिनिटांत थांबलं नाही, तर निघायचं. सोबत घाम, दम किंवा चक्कर असेल तर दहा मिनिटंही थांबायचं नाही. ईसीजी चांगला निघाला आणि दोनशे-पाचशे रुपये फुकट गेले, तर जाऊ द्यावेत.

आणखी एक खूण बरेच लोक अंगावर काढतात. विहिरीचा चढ चढताना, शेतातून गवताचा भारा आणताना छाती भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळं होतं. माणूस म्हणतो, "वय झालं." ते वय नसतं, नळी अरुंद झालेली असते. ही अटॅकच्या आधीची सूचना आहे आणि ती मिळणारा नशीबवान म्हटला पाहिजे. त्या आठवड्यातच तपासून घ्यावं. पूर्वी अर्ध्या चढावर व्हायचं ते आता अंगणात चालताना किंवा बसल्याजागी व्हायला लागलं असेल तर त्याच दिवशी.

बायकांचं आणि शुगरवाल्यांचं वेगळं असतं

बायकांनाही बहुतेक वेळा छातीतच त्रास होतो. पण दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा दुखणं आणि अंगातलं बळ गेल्यासारखा थकवा ही लक्षणं त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. घरात त्याला नाव पडतं "अशक्तपणा" आणि उपाय ठरतो सलाईन. शिवाय बाई स्वतःच सांगत नाही. भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसते, पुन्हा उठते. "आई, कधीपासून होतंय?" असं खोदून विचारल्यावर कळतं की पहाटेपासून होतंय.

बीड जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारी पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यात कितीतरी जणी तिशी-चाळिशीच्या आतल्या. पाळी चालू असेपर्यंत शरीरातल्या संप्रेरकांमुळे बाईच्या हृदयाला बरंच संरक्षण असतं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर ते संरक्षण एकदम जातं. नुसती पिशवी काढली तरी ते लवकर संपू शकतं. त्यामुळे "बाईमाणसाला या वयात कुठला अटॅक" हे वाक्य इथं तरी कुणी बोलू नये. ज्यांचं असं ऑपरेशन कमी वयात झालंय त्यांनी चाळिशी गाठण्याआधीच बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल बघायला सुरुवात करावी. मिश्री लावत असतील तर ती सोडावी. मिश्री म्हणजे तंबाखूच.

शुगर असलेल्यांची गोष्ट जास्त फसवी. बरीच वर्षं शुगर असली की नसा बोथट होतात आणि हृदयाचं दुखणं कळतच नाही. अटॅक येऊन जातो आणि माणसाला नुसता घाम, दम किंवा थकवा जाणवतो. घाम आला म्हणजे शुगर कमी झाली असेल असं वाटून घरचे साखर देतात. माणूस शुद्धीवर असेल तर द्यावी, घरी मशीन असेल तर शुगर मोजावी. पण मशीनवर शुगर नीट दाखवत असेल किंवा साखर देऊनही दहा मिनिटांत फरक पडत नसेल तर ईसीजीला न्यावं.

वयाचंही तेच. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकी जगात तो जवळजवळ ५९ व्या वर्षी. सहा वर्षं आधी. सरासरी ५३ याचा अर्थ चाळिशीतलेही त्यात पुष्कळ. तंबाखू, गुटखा, बिडी, बीपी, शुगर किंवा वडील-भाऊ कमी वयात गेलेले असतील तर तिशीतल्या पोरालाही "तुला काय होतंय" म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

घरी काय करायचं आणि काय टाळायचं

पहिलं, त्याला चालवायचं नाही. जिथं आहे तिथं टेकून बसवायचं, गुडघे थोडे वर, कपडे सैल. "जरा चाल म्हणजे गॅस मोकळा होईल" हा सल्ला जिवावर बेततो, कारण प्रत्येक पावलाला हृदयावरचं ओझं वाढतं. संडासला जोर लावून बसू द्यायचं नाही. खायला काही द्यायचं नाही, फार तर घोटभर पाणी.

दुसरं, एका माणसाने लगेच १०८ ला फोन लावायचा. बाकीच्यांनी भाऊबंदांना फोन करत बसू नये. "दुखतंय" एवढंच सांगू नका. "छातीत दुखतंय, घाम आलाय, वय पन्नास, शुगर आहे" असं सांगा. गाव, तालुका, वस्तीवर राहत असाल तर कुठल्या रस्त्याला, कुठल्या शाळेजवळ किंवा मंदिराजवळ ते सांगा. एका पोराला फाट्यावर टॉर्च घेऊन उभं करा. ही गाडी फुकट आहे, आत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. २०१४ पासून राज्यात ही सेवा चालू आहे. गाडीला किती वेळ लागेल हे फोनवरच विचारा. दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असेल आणि तासभर म्हणत असतील तर वाट बघत बसू नका, गावातली जीप, पिकअप, जे चारचाकी असेल ते काढा. मोटारसायकलवर मधे बसवून नेणं शक्यतो टाळाच, वाटेत शुद्ध गेली तर धरता येत नाही. आणि त्याने स्वतः गाडी चालवत जाणं तर अजिबात नको.

तिसरं, अॅस्पिरिन. रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून या गोळीचा खरा उपयोग होतो. ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची. डिस्प्रिन म्हणून मिळते ती हीच, ती थोड्या पाण्यात विरघळवूनही चालते. घरात इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या चावून. गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर रक्तात जाते. क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लामचा यात काही उपयोग नाही, तिन्ही "डोकेदुखीच्या गोळ्या" असल्या तरी काम वेगळं आहे. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल, तिने दमा उठत असेल, पोटात अल्सर होऊन रक्त गेलं असेल तर द्यायची नाही. तोंड वाकडं झालंय, बोबडं बोलतोय, एका बाजूचा हात उचलत नाही, तर तो लकवा असू शकतो, तिथंही द्यायची नाही. शंका असेल तर १०८ वरच्या डॉक्टरला विचारून द्या. गोळी दिली म्हणून जाणं पुढे ढकलायचं नाही.

जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटबद्दल मात्र सावध राहायला हवं. व्हॉट्सॲपवर ती अॅस्पिरिनच्या जोडीने फिरते. पण ती बीपी खाली आणते. बीपी आधीच पडलेला असेल तर माणूस तिथंच आडवा होतो. डॉक्टरने त्याच रुग्णाला लिहून दिलेली असेल तरच, आणि बसवून. शेजारच्या आबांच्या डबीतली नको. जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचा मेसेज तर वर्षानुवर्षं फिरतोय, तो सरळ पुसून टाका. खोकल्याने नळी उघडत नाही.

गावातल्या दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा" म्हणण्याची सवय इथं दुहेरी नुकसान करते. दुखणं दबतं, म्हणून माणूस परत घरी येतो. आणि पुढे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर कमरेत सुई टोचलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. सलाईनचंही तसंच. अटॅकने हृदय अशक्त झालेलं असताना बाटलीवर बाटली चढवली तर पाणी फुप्फुसात साचून दम वाढतो. गावातला डॉक्टर भला माणूस असेल तर तो स्वतःच म्हणेल, "इथं वेळ घालवू नका." त्याचं ऐका.

कुठं न्यायचं

इथं गडबड होते. आष्टीचा माणूस अहिल्यानगरकडे, गेवराईचा छत्रपती संभाजीनगरकडे आणि परळी-केजचा लातूरकडे बघतो, कारण अँजिओप्लास्टीची मोठी रुग्णालयं तिकडे. पाहुण्यातला कुणीतरी फोनवर सांगतो, "थेट मोठ्या ठिकाणी न्या." बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. धारूरचा घाट किंवा पाटोद्याकडचे डोंगर उतरून यायचं असेल तर त्याआधीचा वेळ वेगळाच. दोन-अडीच तास गाडीत, ईसीजी नाही, औषध नाही, अशा प्रवासात हृदय थांबलं तर कुणी काही करू शकत नाही.

अँजिओप्लास्टी हा चांगला उपाय आहे, पण ती दोन तासांच्या आत होणार असेल तर. तेवढ्यात पोहोचणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात आणि मग पुढे पाठवतात. जगभर हीच पद्धत आहे. ईसीजीवर नळी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली तर हे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर जो फायदा होतो तो नंतर होत नाही. प्रत्येक अटॅकला ते चालत नाही, ते ईसीजी बघून डॉक्टर ठरवतात.

म्हणून पहिला थांबा म्हणजे जिथं ईसीजी निघतो आणि हे इंजेक्शन मिळतं असं सगळ्यात जवळचं ठिकाण. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तालुक्यांना उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं आहेत, काही खासगी दवाखान्यांत अतिदक्षता विभाग आहेत. तुमच्या गावापासून रात्री दोन वाजता यातलं कुठं ईसीजी निघतो आणि इंजेक्शन असतं, हे आजच दिवसाउजेडी विचारून ठेवा. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मेडिकलवाल्याला विचारा. नाव आणि नंबर दाराच्या आत खडूने लिहून ठेवला तरी चालेल. निघाल्यावर वाटेतून त्या रुग्णालयाला फोन करा.

पहिला ईसीजी चांगला आला तर लगेच गाडी घरी वळवू नका. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने करतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, जातो आम्ही" असं म्हणून सही करून नेण्याआधी डॉक्टरला एवढं विचारा, "दुसरा ईसीजी कधी काढायचा?"

माणूस कोसळला तर

हार्ट अटॅकमध्ये नळी बंद होते, हृदय चालू असतं, माणूस बोलतो. हृदयच थांबलं तर माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यासारखे आचके देतो. या आचक्यांना लोक श्वास समजतात आणि थांबतात. तोंडात पाणी घालणं, कांदा हुंगवणं, तळपाय चोळणं, यात वेळ घालवायचा नाही. कडक जमिनीवर उताणा झोपवा. छातीच्या मधोमध, दोन स्तनांच्या मधल्या हाडावर एक तळहात, त्यावर दुसरा. कोपर सरळ ठेवून आपलं वजन टाकत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. थकलात की दुसऱ्याने हात लावायचा, मधे खंड नको. गाडी येईपर्यंत किंवा माणूस हलेपर्यंत चालू ठेवायचं. तोंडाने श्वास देता येत नसेल तर राहू द्या, नुसतं दाबणंही उपयोगी पडतं. बरगडी मोडेल ही भीती असते. कधी मोडतेही. ती नंतर जुळते.

पैशाची भीती

"पेशंट हलवायचा म्हणजे लाख-दीड लाख लागणार" या भीतीने रात्रभर घरात बसलेली कुटुंबं आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अटॅकचा उपचार, अँजिओप्लास्टी बसते. योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. रुग्णालय मात्र योजनेतलं असायला हवं. ते विचारण्यासाठी १५५३८८ हा नंबर आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, गेल्या गेल्या त्याला गाठा. निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड, जुनी औषधाची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. नसतील सापडत तर शोधत बसू नका, तातडीच्या वेळी आधी भरती आणि मागून कागद अशी सोय योजनेत आहे.

टोळीवर असताना

दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. थंडीत पहाटे उठून मोळ्या वाहायच्या, गाडी भरायची. अटॅकचं प्रमाण पहाटे आणि सकाळी जास्त असतं, थंडीत वाढतं. फडात छातीत भरून आलं तर "एवढी खेप भरू दे" असं होतं, कारण उचल घेतलेली असते आणि दिवसाचा खाडा पडतो. मुकादमाने अशा माणसाला तिथंच बसवून गाडी बोलावली पाहिजे. १०८ हा नंबर कर्नाटकातही चालतो. तिथलं गाव सांगता येत नसेल तर कारखान्याचं नाव सांगा, ज्याचा ऊस तोडताय त्या शेतकऱ्याला फोनवर बोलायला द्या.

बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी टोळी निघण्याआधी सरकारी दवाखान्यातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी मागून घ्यावी, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. ज्यांना स्टेंट बसवलाय त्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर एक दिवसही चुकता कामा नयेत, डॉक्टरने सांगितल्याशिवाय बंद केल्या की स्टेंटमध्येच गुठळी होते. संपत आल्या तर फडाच्या जवळच्या गावात त्या फोटोवर मिळतात. त्या गोळ्यांची नावं नवऱ्याच्या मोबाइलबरोबर बायकोच्या मोबाइलमध्येही असू द्यावीत.